धूर जातो, वास राहतो
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातला वास घालवायचा म्हटलं की आपण आधी खिडकी उघडतो. मग पंखा मोठा करतो आणि शेवटी हात जातो तो देवघरातल्या उदबत्तीच्या पुड्याकडे. भाजी करपली असेल तर एवढं पुरतं. पण ज्या खोलीत वर्षानुवर्षं सिगारेट किंवा विडी ओढली गेली आहे, तिथं दिवसभर दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, तरी रात्री खोली बंद केली की तासाभरात वास पुन्हा हजर. हा वास येतो कुठून? खोलीतली हवा तर दिवसभरात कितीतरी वेळा बदलून गेलेली असते.

उत्तर बघायचं असेल तर अशा खोलीतली भिंतीवरची एखादी जुनी तसबीर खाली काढा. तसबिरीच्या मागे भिंतीचा मूळ रंग जसाच्या तसा दिसेल आणि आजूबाजूची भिंत पिवळट, चहाचं पाणी फासल्यासारखी. मग स्टुलावर चढून बंद पंख्याच्या पात्यावर, वरच्या बाजूनं, ओलं पांढरं फडकं फिरवा. नुसती धूळ असेल तर फडकं काळं होतं. इथं ते तपकिरी होईल आणि बोटांना चिकट लागेल. वास या थरात आहे. हवेत आपल्याला जे जाणवतं, ते या थरातून सुटून आलेलं असतं.

धूर म्हणजे नुसता वायू नव्हे. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात आणि त्यातली बरीचशी अतिसूक्ष्म कणांच्या, थेंबांच्या रूपात तरंगत असतात. बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. हे कण खोलीत तासन्‌तास फिरत राहतात आणि हळूहळू भिंती, छत, पडदे, गाद्या, पुस्तकं, कपाटाच्या मागची बाजू, जिथं जागा मिळेल तिथं बसतात. त्यात निकोटिनचा स्वभाव फार चिवट. शुद्ध निकोटिन हा तेलासारखा द्रव आहे. तो पाण्यासारखा भुर्रकन उडून जात नाही आणि कायमचा बसूनही राहत नाही. कापूस, लोकर, कागद, गिलावा यांच्यात मुरतो आणि मग आठवडे, महिने थोडा थोडा बाहेर येत राहतो. भिंतीनं तीस वर्षं उसनं घेतलेलं असतं, ते ती सावकाश परत करत असते.

उष्मा वाढला की परतफेड वाढते. दमट हवेतही तसंच. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी आणि पावसाळ्याच्या तोंडावर असा वास जास्त येतो. ‘रंग दिला तेव्हा वास गेला होता हो, मृग लागला आणि परत आला,’ अशी तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे. वास परत आलेला नसतो, तो तिथंच होता.

इथं कुणी म्हणेल, की आमच्या आजीच्या घरात दिवसातून तीन वेळा चूल पेटायची, त्या धुराचं काय? खरं आहे. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो, तो जळताना फिनॉलच्या जातीची रसायनं तयार होतात आणि चुलीच्या धुराला तो ओळखीचा वास येतो. पण ते घर वेगळं होतं. कौलांच्या फटीतून धूर बाहेर पडायचा. चुलीच्या वर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना तर तो धूर हवाच असायचा, कीड लागत नसे. आणि मुख्य म्हणजे, जमीन दर काही दिवसांनी शेणानं सारवली जायची, भिंतींना मातीचा हात फिरायचा. म्हणजे मुरलेल्या थरावर पुन्हा पुन्हा नवा थर चढत होता. सिमेंटच्या बंद फ्लॅटमध्ये ती सोय नाही. अर्थात त्या धुराची किंमत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनी डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजली, हे विसरून जुन्या घरांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

आता वास येतो, तर येऊ दे, त्यात एवढं काय, असंही विचारलं जातं. मोठी माणसं सहन करतील. प्रश्न रांगत्या मुलाचा आहे. सिगारेट ओढणारा जो धूर आत घेतो तो पहिला, शेजारी बसलेल्याच्या नाकात जातो तो दुसरा, आणि विझल्यानंतर वस्तूंवर उरतो तो तिसरा. २००९ साली अमेरिकेतल्या ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात एक लेख आला आणि त्यानंतर ‘थर्डहँड स्मोक’ हा शब्द रूढ झाला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी क्रिया होते आणि नायट्रोसमाइन वर्गातली, कर्करोगाशी संबंध असलेली रसायनं तयार होतात. हे नायट्रस आम्ल घरात कुठून येतं? गॅसच्या शेगडीच्या ज्योतीतूनही येतं. म्हणजे प्रत्येक घरात ते थोडंफार असतंच. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली. धूम्रपान करणारी कुटुंबं घर सोडून गेली, घरं साफ झाली, काही दिवस रिकामी राहिली, मग धूम्रपान न करणारी कुटुंबं राहायला आली. तरीही त्या घरांच्या धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटिन सापडलं, एवढंच नाही तर नव्या रहिवाशांच्या बोटांवरही सापडलं.

मूल जमिनीवर असतं. ते सतरंजीवर लोळतं, पलंगाचा पाय धरून उभं राहतं आणि तेच हात तोंडात घालतं. वजनाच्या मानानं त्याचा श्वासही आपल्यापेक्षा जास्त. म्हणून एखाद्या घरात बाळ येणार असेल, तर तिथं वासाचा प्रश्न नुसत्या नाकापुरता राहत नाही.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात नेमकं हेच झालं. शेजारी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांची एकच जागा, पुढच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची, आणि एकच छंद, सिगारेट. दिवाळीत त्यांनी ती सोडली, कौतुकानं सांगावं अशा निर्धारानं सोडली. लेक पहिलटकरीण, सातवा महिना लागला की माहेरी येणार होती. पण फोनवर ती काहीबाही कारणं सांगू लागली. सासूबाई म्हणतात इथंच होऊ दे, दवाखाना इथून जवळ आहे, असं. शेवटी एकदा आईनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ‘आई, मागच्या वेळी मला त्या खोलीत दहा मिनिटंही बसवेना. बाबांना सांगू नकोस.’ सांगितल्याशिवाय कसं राहणार? शेजारी दुखावले. ‘मी सोडली ना आता? तीन महिने झाले, आता कसला वास?’ आणि खोटं ते बोलत नव्हते. त्यांना तो वास येतच नव्हता.

याचं कारण साधं आहे. नाक एकाच वासाला फार लवकर सरावतं. ज्या घरात आपण राहतो त्या घराचा वास आपल्याला कळत नाही, पाहुण्याला दारातच कळतो. म्हणून वास आहे की नाही, हे घरातल्या माणसानं ठरवू नये. खोली दुपारी तीन-चार तास बंद ठेवावी आणि बाहेरून आलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला पहिला श्वास घ्यायला सांगावं. शेजारीणबाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंत, एवढा हा वास घालवून द्या.’ तो पहिला श्वास मीच घेतला. लेकीचं म्हणणं रास्त होतं.

काम करताना क्रम महत्त्वाचा. लोक आधी रंगारी बोलावतात. तो सगळ्यात शेवटी. आधी खोलीतलं जे जे कापडाचं, कापसाचं, कागदाचं आहे ते बाहेर काढायचं. कारण भिंती धुतल्या आणि पडदे तसेच राहिले, तर पडदेच महिन्याभरात भिंतींना वास परत देतील. कुठल्या वस्तूत वास किती मुरला आहे, हे ओळखायची एक युक्ती आहे. उशी, पुस्तक, टोपी, जे असेल ते स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, तासभर उबेला ठेवा आणि मग पिशवी उघडून वास घ्या. पिशवीत कोंडलेला वास लपत नाही.

पडदे, चादरी, अभ्रे धुता येतात, शेवटच्या पाण्यात बादलीमागे कपभर पांढरं व्हिनेगर टाकायचं. निकोटिन आणि धुरातला अमोनिया हे दोन्ही अल्कधर्मी. व्हिनेगरमधलं आम्ल त्यांना क्षाराच्या रूपात बांधून टाकतं आणि क्षार पाण्याबरोबर निघून जातात. व्हिनेगरचा स्वतःचा वास कपडा वाळला की उडतो. धुतलेलं कापड इस्त्री करण्याआधी हुंगून बघा. वास असेल तर पुन्हा धुवा, कंटाळू नका. तीस वर्षांचे पडदे मात्र टाकून दिलेले बरे.

गादीच्या बाबतीत आपली जुनी पद्धत फार शहाणी आहे. कापसाची गादी असेल तर ती उसवता येते. खोळ टाकून द्यायची, कापूस दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरायचा, पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा आणि नवी खोळ घालायची. पिंजताना कापसाचा धागा न्‌ धागा मोकळा होतो, हवा लागते, धूळ झडते. उन्हानंतरही कापसाला वास असेल तर तो कापूस कामाचा नाही. फोमच्या गादीला हा मार्ग नाही. फोमच्या हजारो छिद्रांत शिरलेलं निकोटिन वरून कितीही पुसलं तरी निघत नाही. शेजाऱ्यांच्या खुर्चीची फोमची गादी आम्ही फेकली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. खुर्ची मात्र ठेवली. लाकूड धुऊन, पॉलिश करून ती वाचली.

लाकडाचं असं आहे, की पॉलिश केलेली बाजू पुसली की साफ होते. वास असतो तो पॉलिश न केलेल्या बाजूंत. टेबलाच्या खणाचा तळ, कपाटाची पाठ, फळीची खालची बाजू, इकडे सुतार पॉलिश लावतच नाही. त्या बाजू पुसून, उन्हात वाळवून, त्यावर लाखेच्या पॉलिशचा हात द्यावा. लाख वासाला आत कोंडून ठेवण्यात पटाईत आहे. परदेशात आगीनंतर घरं दुरुस्त करताना लाखेपासून केलेले प्रायमर सर्रास वापरतात. लाखेच्या किड्याला आपल्याकडे झारखंडातल्या पळस आणि कुसुमच्या झाडांवर वाढवतात. सुतार हे पॉलिश वर्षानुवर्षं वापरत आला आहे, फक्त त्याचा हा दुसरा उपयोग आपल्या ध्यानात नव्हता.

मग पंखा, ट्यूबलाइट, खिडक्यांचे गज, जाळ्या, स्विचबोर्ड, दाराच्या वरची कड. विजेच्या वस्तू मेन स्विच बंद करूनच, आणि ओल्या नव्हे, दमट फडक्यानं. जिथं हात पोचत नाही तिथं थर सगळ्यात जाड असतो, कारण तिथं कधी कुणाचं फडकंही पोचलेलं नसतं. वातानुकूलन यंत्र असेल तर त्याच्याकडे आधी बघा. घरातलं साधं स्प्लिट यंत्र बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतं. सिगारेटचा धूर त्याच्या ओल्या, गार कॉइलवर वर्षानुवर्षं बसलेला असतो. जाळी आपण धुऊ शकतो, कॉइल आणि पाण्याचा ट्रे मात्र तंत्रज्ञाकडूनच स्वच्छ करून घ्यावा. हे केलं नाही तर बाकी सगळी मेहनत करून यंत्र चालू केल्याबरोबर खोलीभर जुना वास.

भिंती. तेलरंग किंवा धुता येणारा प्लास्टिक रंग असेल, तर अर्धी बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं साबणाचं पाणी. सोडा चिकट, तेलकट डांबरी थर सोडवतो. हातात रबरी मोजे हवेत. भिंत खालून वर धूत जावी. हे उलटं वाटेल, पण वरून सुरुवात केली तर मळकं पाणी कोरड्या भिंतीवरून ओघळतं आणि ते ओघळ जाता जात नाहीत. मग स्वच्छ पाण्यानं पुसून, वाळल्यावर एक हात व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. पहिल्यांदा सोडा, मग व्हिनेगर, वेगवेगळे. दोन्ही एकाच बादलीत घालून फसफसणारं पाणी भिंतीला लावायचा सल्ला हल्ली बरेच जण देतात. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात आणि बादलीत जवळपास नुसतं मिठासारखं पाणी उरतं. फेस बघून काहीतरी होतंय असं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

काही पथ्यं. शहाबादी आणि कोटा या फरश्या चुनखडीच्या आहेत आणि मोझेकमध्ये संगमरवराच्या चिपा असतात. त्यांना व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये, चकाकी कायमची जाते. त्या साबणानं धुवाव्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांना सोडा लावू नये, काळ्या पडतात. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी कुठल्याही आम्लाबरोबर, मग ते व्हिनेगर असो की संडास धुण्याचं अ‍ॅसिड, कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

भिंतीला चुना किंवा साधं डिस्टेंपर असेल तर ती धुता येत नाही. ती खरवडूनच काढावी लागते, आणि एका अर्थानं तेच बरं, वासाचा थर पोत्यात भरून घराबाहेर जातो. खरवडताना नाकातोंडाला मास्क हवा. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. यानंतर रंग. इथं बहुतेकांचे पैसे वाया जातात. पिवळ्या भिंतीवर थेट पाण्यातला रंग दिला, की रंगातलं पाणी खालचा तपकिरी थर विरघळवून वर आणतं. आठ दिवसांत नव्या पांढऱ्या भिंतीवर चहाचे डाग उमटतात. रंगारी म्हणतो ओल आहे, आपण मान डोलावतो. मध्ये प्रायमर हवा, आणि तोही पाण्यातला नव्हे, तेलातला किंवा स्पिरिटमधला. तो थराला खाली बंद करतो. मग वरून हवा तो रंग द्या. छत विसरू नका. गरम धूर वर जातो, छतावर भिंतीपेक्षा जास्त बसतो आणि रंगाच्या हिशेबात पैसे वाचवायचे म्हणून आपण नेमकं तेच वगळतो. प्रायमरचा वासही उग्र असतो, म्हणून हे काम बाळ किंवा बाळंतीण येण्याच्या निदान महिनाभर आधी उरकावं आणि तोपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

शेजाऱ्यांकडचं काम तीन आठवडे चाललं. सगळ्यात जास्त राबले ते स्वतः शेजारी. पंख्याचं पहिलं फडकं पिळलं आणि बादलीतलं पाणी बघितलं, तेव्हापासून ‘कसला वास’ हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. लेक फाल्गुनात आली. खोलीच्या उंबऱ्यावर थांबून तिनं एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, ‘काका, रंगाचा वास येतोय.’ तिच्या आईनं तेवढ्यावर डोळ्यांना पदर लावला.

आता जे करू नये त्याबद्दल. उदबत्ती, धूप, ऊद यांनी वास झाकला जातो, जात नाही, आणि त्यात नव्या धुराची भर पडते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिलं आहे, की एक ग्रॅम सिगारेट जळताना साधारण १० मिलिग्रॅम कण हवेत जातात, तर एक ग्रॅम उदबत्ती जळताना ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त. देवापुढे एक उदबत्ती लावणं वेगळं आणि वास मारायला बंद खोलीत चार लावणं वेगळं. बाळंतिणीच्या खोलीत धुरी देण्याची चाल तर आता सोडायलाच हवी. डांबराच्या गोळ्यांचं त्याहून वाईट. नॅप्थलिनच्या त्या गोळ्यांमध्ये ठेवलेली दुपटी तशीच बाळाला गुंडाळली, तर काही बाळांना ती धोक्याची ठरतात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलिननं फुटतात आणि कावीळ होते. आपलं बाळ त्यातलं आहे का, हे बघून कळत नाही. फवाऱ्याचे सुगंध म्हणजे एका वासावर दुसरा वास, दोन्ही फुप्फुसात.

ओझोन सोडणारी यंत्रं हल्ली ‘दुर्गंधीनाशक’ म्हणून विकली जातात. ओझोन फुप्फुसांना इजा करतो. शिवाय भिंतीवरच्या निकोटिनशी त्याची क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड आणि आणखी बारीक कण तयार होतात, असं प्रयोगात दिसलेलं आहे. माणसं राहतात त्या घरात ही यंत्रं लावू नयेत, असंच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचंही सांगणं आहे. हवा शुद्ध करणारी साधी यंत्रं मात्र निरुपयोगी नाहीत, त्यांचं काम समजून घ्यावं. त्यातला हेपा फिल्टर कण पकडतो, वायू पकडत नाही. वासासाठी सक्रिय कोळसा लागतो. या कोळशाच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा एकूण पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून अधिक असतो आणि वासाचे रेणू त्यात अडकतात. यंत्रात कोळशाचा थर जाड असेल आणि तो वेळेवर बदलला, तर थोडीफार मदत होते. भिंतीवरचा थर काढण्याचं काम कुठलंच यंत्र करत नाही. शेगडीतला कोळसा वाटीत भरून ठेवला तर होईल का, असं विचारतात. त्याला तेवढी छिद्रं नसतात. कापलेला कांदा ठेवल्यानं खोलीला कांद्याचा वास येतो.

शॉर्टसर्किटनं घरात आग लागून गेली असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं करू नका. वायरींचं पीव्हीसी जळतं तेव्हा हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, काजळी आम्लधर्मी असते आणि धातू, फ्रिज, टीव्ही यांना ती आतून खाते. अशी काजळी ओल्या फडक्यानं पुसली तर ती भिंतीत आणखी खोल जाते. आधी कोरडीच, ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरनं हळू ओढून घ्यावी, मग धुवावं. आणि वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नये. विमा असेल तर साफसफाईच्या आधी फोटो काढून ठेवावेत.

फोडणी करपली, दूध लागलं, तर एवढा व्याप नको. तापलेल्या तेलातून अ‍ॅक्रोलिन सुटतं, त्यानं ठसका लागतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून एकीत पंखा बाहेरच्या तोंडानं ठेवला की अर्ध्या तासात ते निघून जातं. करपलेलं भांडं तेवढं ताबडतोब गॅलरीत नेऊन पाण्यात घालावं.

राहता राहिली ती घरात अजून ओढणारी माणसं. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आहे, पण आपलं घर त्या कायद्यात येत नाही. तिथं कायदा आपण करायचा असतो. ‘मी गॅलरीत जाऊन ओढतो’ हा तोडगा अर्धाच आहे. गॅलरीचं दार उघडं असतं, वाऱ्याबरोबर धूर आत येतो. दार लावून घेतलं तरी शर्टात, मिशीत, बोटांवर तो आत येतोच. बाहेरून आल्यावर हात धुऊन, वरचा शर्ट बदलूनच बाळाला घ्यायचं, एवढा नियम घरात सगळ्यांना सारखा लावला तर तो पाळला जातो. पाहुण्याला ‘इथं ओढू नका’ म्हणायला जड जातं, तर घरातला रक्षापात्र आधी उचलून ठेवा. पाहुणा आपणच विचारतो, ‘खाली जाऊन येऊ का?’

आणि काम झाल्यावर पहिल्या पावसात एकदा तपासणी करा. दमट दिवस निवडा, खोली दुपारभर बंद ठेवा, संध्याकाळी दार उघडून आत जा. सगळ्या खोलीला वास येत नाही, एखाद्याच कोपऱ्याला येतो. तिथल्या भिंतीला, पडद्याच्या दांड्यामागे, कपाटाच्या पाठीला नाक लावून बघा. बहुधा प्रायमर न पोचलेला हातभर तुकडा सापडतो. तेवढाच घासून, प्रायमर देऊन पुन्हा रंगवला की पुरतं. आमच्या शेजाऱ्यांकडे तो तुकडा सापडला ट्यूबलाइटच्या पट्टीमागे.